अंगावर उठणाऱ्या गांधी : त्यांचीं कारणें व परीक्षा

अंगास एकाएकीं खाज सुटून जागोजाग लालसर फुगवट्या येतात, त्यास आपल्याकडे गांधी उठणें किंवा पित्त उठणें असें म्हणतात. हा विकार कधींच आला नाहीं असें घर क्वचितच आढळेल. आमसुलाचें पाणी अंगास चोळावें आणि खाज थांबली म्हणजे सर्व विसरून जावें, असा आपला परिपाठ आहे. व पुष्कळ वेळां तेवढ्यानें भागतेंहि. परंतु ह्याच विकाराचें एक रूप असें आहे कीं, तें घटकाभरांत प्राणावर बेततें. आणि दुसरें असें कीं, तें महिनेन् महिने पाठ सोडीत नाहीं व त्यापायीं घरचा पैसा आणि तोंडचा घांस दोन्ही जातात. म्हणून शेतकरी बंधूंनीं हा विषय नीट समजून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

आपल्या जुन्या वैद्यकांत शीतपित्त, उदर्द व कोठ अशीं ह्या विकाराचीं नांवें आहेत. आधुनिक शास्त्राचें म्हणणें असें कीं, कातडींत व श्वासनलिकेच्या अस्तरांत कांहीं विशिष्ट पेशी असून त्यांत हिस्टामीन नांवाचें द्रव्य सांठविलेलें असतें. तें बाहेर पडलें म्हणजे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतील पाणी आजूबाजूस झिरपतें आणि सूज, लाली व खाज हीं तिन्हीं एकदम उत्पन्न होतात. एखाद्या निरुपद्रवी पदार्थास शरीरानें शत्रु मानून त्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करून ठेविलें असेल, तर तो पदार्थ पुन्हां आंत येतांच ह्या पेशी आपला सांठा रिता करितात. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं प्रथम योजिला. आणि वरील प्रतिद्रव्य इशिझाका ह्या जपानी दांपत्यानें अमेरिकेंत १९६६ सालीं ओळखून काढलें. हें प्रतिद्रव्य तयार होण्यास आधींचा संबंध लागतो. म्हणून “हा जिन्नस आजवर कधीं बाधला नाहीं” एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाहीं.

आतां गांधी ओळखाव्या कशा ? त्यांची मुख्य खूण ही कीं, एक गांध एका जागीं चोवीस तासांहून अधिक टिकत नाहीं. ती कांहीं डाग न ठेवितां विरते आणि दुसरी अन्यत्र उठते. संशय असल्यास एका गांधेभोंवतीं शाईनें रेघ ओढावी व दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पाहावें. रेघेच्या आंत सूज तशीच असेल, ती ठणकत असेल, किंवा तेथें काळानिळा डाग राहिला असेल, तर तो विकार निराळा समजून डॉक्टरांस दाखवावा.

शेतांत काम करणारांस गाजरगवताची बाधा होते, तिलाहि लोक पित्तच म्हणतात. पण ती गांधींहून वेगळी होय. ह्या गवताची पुण्याकडील नोंद १९५६ सालीं प्रसिद्ध झाली व पुढें तें देशभर पसरलें. त्याच्या बाधेनें पापण्या, मान, कोपराच्या घड्या अशा ठिकाणीं कातडी लाल होऊन पाझरते, व पुढें जाड व काळी पडते. हें सर्व सावकाश, दिवस-दोन दिवसांनीं दिसूं लागतें व लवकर जात नाहीं. उलट खाजकुयलीच्या शेंगेवरील कूस लागल्यास कोणाहि मनुष्यास खाज सुटते. ती ॲलर्जी नव्हेच.

खऱ्या गांधींचीं कारणें पुष्कळ आहेत. खाण्यांत भुईमुगाचे दाणे, अंडीं, दूध, मासे व कोळंबी हीं प्रमुख. त्यांचा परिणाम बहुधा कांहीं मिनिटांपासून दोन तासांच्या आंत दिसतो. औषधांत पेनिसिलीन, ॲस्पिरिन व इतर वेदनाशामक गोळ्या येतात. मधमाशी व गांधीलमाशी यांचे दंश तर सर्वांस ठाऊक आहेत. लहान मुलांत सर्दी-तापाच्या सांथीबरोबरच पुष्कळदां गांधी उठतात आणि दोष मात्र त्या दिवशीं खाल्लेल्या पदार्थावर येतो. ह्याशिवाय थंड पाणी, कडक ऊन, घाम, किंवा ओझ्याचा व करगोट्याचा दाब एवढ्यानेंहि कोणाकोणास गांधी उठतात.

हा त्रास सहा आठवड्यांहून अधिक चालला म्हणजे तो जुनाट समजतात. अशा रोग्यांत बाहेरचें कारण बहुधा सांपडत नाहीं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ति बिघडलेली असते, व कांहींजणांत कंठांतील थायरॉईड ग्रंथीचा विकारहि जोडीस असतो. अशा मनुष्यानें आज वांगें, उद्यां डाळ, परवां दूध सोडीत जाणें व्यर्थ होय. गांधी जात नाहींत, आणि कष्टाचें शरीर मात्र खंगतें. योग्य औषध नेमानें घेतल्यास हाहि विकार ताब्यांत राहतो आणि पुष्कळांचा कालांतरानें आपोआप शमतो.

निदानाचा मुख्य आधार रोग्याची हकीकत हाच होय. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली, त्यावरून सांगतों कीं, नुकसानीचा पंचनामा त्याच दिवशीं झाला तरच त्यास किंमत. महिन्यानें आठवून लिहिलेल्या कागदावर कोणी विसंबत नाहीं. हीच गोष्ट येथें. गांधी उठतांच तारीख, वेळ, आधींच्या दोन तासांत काय खाल्लें, कोणतें औषध घेतलें, कोणत्या पिकांत काम केलें, काय चावलें व गांधी किती वेळ टिकल्या, हें वहींत लिहून ठेवावें. हा कागद डॉक्टरांस दहा तपासण्यांहून अधिक उपयोगी पडतो.

तपासण्या दोन प्रकारच्या आहेत. पहिलींत संशयित पदार्थांच्या अर्काचे थेंब हातावर ठेवून सुईनें किंचित टोंचतात व पंधरा-वीस मिनिटांनीं पाहतात. तीन मिलिमीटर किंवा अधिक फुगवटी आल्यास ती परीक्षा लागू धरतात. खाज शमविण्याच्या गोळ्या आधीं कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागतात. गाजरगवतासारख्या सावकाश बाधेसाठीं दुसरी परीक्षा असून तींत पाठीवर पट्ट्या चिकटवून त्या दोन दिवस ठेवितात. परीक्षेंत एखादा पदार्थ निघाला म्हणजे तोच अपराधी, असें मात्र नाहीं. हकीकतीशीं त्याचा मेळ बसला तरच तो सोडावा.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गांधींबरोबर जीभ किंवा घसा सुजणें, आवाज घोगरा होणें, दम लागणें, वारंवार वांती होणें, भोंवळ येणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास तो घरगुती उपायाचा प्रसंग नव्हे. मांडीच्या स्नायूंत ॲड्रेनलीनचें इंजेक्शन हाच त्यावरील पहिला उपाय. खाजेची गोळी त्याची जागा घेऊं शकत नाहीं. रोग्यास आडवें निजवून पाय उंच ठेवावे, दम लागत असल्यास टेकून बसवावें. पण त्यास उभें करून चालवूं नये. मधमाशीचा कांटा रुतला असल्यास तो तत्काळ काढावा, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, व गाडीस उशीर होत असेल तर मिळेल त्या वाहनानें दवाखाना गांठावा. बरें वाटलें तरी कांहीं तास तेथेंच राहावें, कारण लक्षणें पुन्हां उलटतात.

सर्पदंशावरील लस घोड्याच्या रक्तापासून करितात व तिनेंहि अशी प्रतिक्रिया येऊं शकते. परंतु डॉक्टर त्यास तयार असतात, म्हणून त्या भीतीनें लस कदापि नाकारूं नये. ज्यास एकदां औषधाची किंवा दंशाची जबर बाधा झाली, त्याचें नांव व बाधलेला पदार्थ चिठ्ठीवर लिहून ती सदैव त्याच्या खिशांत असावी, आणि मळ्यावर तो एकटा नसावा. ॲड्रेनलीन जवळ बाळगण्याविषयींहि त्यानें डॉक्टरांस विचारावें. आपण बैलांच्या व बियाण्याच्या नोंदी ठेवितों, तशी माणसांच्या बाधांची एक नोंद प्रत्येक घरीं असावी, एवढीच आमची विनंति आहे.