वाड्यास गिऱ्हाईक का मिळत नाही?

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या जुन्या पेठांतून हिंडणाऱ्यास एक दृश्य वारंवार दिसते. दोन्ही बाजूंस पाच-सहा मजली इमारती उठलेल्या आणि मध्ये एखादा जुना वाडा अंग चोरून उभा. दिंडीदरवाजा एका अंगास कललेला, कौलांवर पत्रे टाकलेले, मागील भिंतीस वाशांचा टेकू दिलेला. आत चौकशी केली तर उत्तर बहुधा ठरलेले मिळते : "विकायचा आहे हो, पण गिऱ्हाईकच येत नाही." दहा वर्षांनी पुन्हा विचारावे, तर उत्तर तेच, टेकू मात्र वाढलेले असतात. ज्या शहरात दोन खोल्यांसाठी माणसे जन्मभराचे कर्ज काढतात, त्याच शहरात भरवस्तीतील वाडा पडून राहावा, ही गोष्ट सकृद्दर्शनी चमत्कारिक वाटते.

अशा वेळी घरोघर जी कारणे सांगितली जातात ती आमच्या वाचकांस ठाऊक आहेतच. कोणी दैवास बोल लावतो. कोणी म्हणतो, वास्तूत दोष आहे, शांत करवून घ्यावी. कोणी दलालांच्या लबाडीच्या कथा सांगतो. वास्तुशांतीने मनास समाधान लाभत असेल तर आमची हरकत नाही. पण तिच्या योगे खरेदीखतावर एकही सही वाढत नाही. आमच्या मते खरे कारण याहून साधे आणि म्हणूनच अधिक अप्रिय आहे. गिऱ्हाईक दगड, विटा आणि सागवान घेण्यास येत नाही. ते येते निर्वेध मालकी आणि मोकळा ताबा घेण्यास. हा माल बहुतेक घरांत अद्याप तयारच झालेला नसतो.

विकणारे नक्की कोण?

एक उदाहरण घेऊ. वाडा आजोबांनी बांधला. सिटी सर्व्हेच्या कचेरीतील मिळकत पत्रिकेवर नाव अजून त्यांचेच, किंवा फार तर थोरल्या मुलाचे. आजोबांस तीन मुलगे व दोन मुली. त्यांपैकी चौघे निवर्तले. त्यांच्या मागे बायका, मुले, नातवंडे. एक पुतण्या अमेरिकेत, एक भाची इंदुरास, एक सून माहेरी. 'विकणे आहे' अशी पाटी लावतो वाड्यात राहणारा एक भाऊ. पण खरेदीखतावर सह्या हव्यात पंधराजणांच्या. गिऱ्हाईकाचा वकील पहिल्याच भेटीत वंशावळ मागतो, आणि ती कागदावर मांडताना घरच्यांनाच प्रथम कळते की आपण किती जण आहोत.

यात सर्वांत जास्त गफलत होते ती बहिणींच्या बाबतीत. "तिचे लग्न थाटात करून दिले, आता तिचा काय संबंध?" हे वाक्य शिकल्यासवरल्या घरांतूनही ऐकू येते. कायदा तसे म्हणत नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीस मुलाइतकाच वारसा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली, त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून, मुलींस सहदायाद मानले. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या मध्यवर्ती दुरुस्तीने लग्न झाल्या-न झाल्याचा भेदही काढून टाकला. त्या दिवशी वडील हयात नसतील तर काय, ही शंका अनेक वर्षे न्यायालयांत घोळत होती; तीही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने मिटविली. मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, वडील त्या तारखेस हयात असोत वा नसोत. वीस वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दिवशी "मला काही नको" असे ताई म्हणाल्या होत्या, हे गिऱ्हाईकास सांगून उपयोग नाही. हक्क सोडावयाचा तर तो नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्रानेच सोडता येतो; आणि सोडावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकारही ताईंचाच आहे.

मग एकानेच आपला हिस्सा विकून मोकळे व्हावे, अशी युक्ती कोणी सुचवितो. ती कागदावर शक्य आहे. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात एक शहाणपणाची तरतूद आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेतला, तरी त्यास कुटुंबीयांबरोबर त्या घरात राहावयास येण्याचा हक्क नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या विभाजन कायद्याप्रमाणे घरातील भागीदार न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस तो हिस्सा परत घेऊ शकतात. कुटुंबाच्या उंबरठ्याचे रक्षण व्हावे म्हणून केलेली ही योजना आहे. पण तिचा अर्थ असाही होतो की, सुटा हिस्सा घेणारे गिऱ्हाईक घर घेत नसते, भांडण विकत घेत असते. आणि भांडणाची किंमत कोणी चांगली देत नाही.

आत कोण राहते?

दुसरा प्रश्न ताब्याचा. जुन्या वाड्यांत मालकापेक्षा बिऱ्हाडेच अधिक असावयाची. दुसऱ्या महायुद्धानंतर जागेची टंचाई झाली तेव्हा भाडेकरूंस संरक्षण देण्यासाठी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. तेव्हाची गरज खरी होती. पण ती गाठ पुढे अर्धशतक सुटली नाही. शेवटी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेच ही बंधने कालांतराने अवास्तव झाली असल्याचे म्हटले. नंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला व त्याने वर्षास शेकडा ४ वाढ करण्यास मुभा दिली. आता २० रुपये भाड्याची खोली घ्या. चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी तिचे भाडे ५३ रुपयांच्या आसपास जाते. इतक्यात कौले फेरणाऱ्या गवंड्याचा एका दिवसाचा चहाफराळही भागावयाचा नाही.

मालकाने दुरुस्ती सोडली ती येथे. पण भाडेकरूसही सर्वस्वी दोष देता येत नाही. त्याच्या आईबापांनी त्याच दोन खोल्यांत संसार केला, गळके छप्पर स्वतःच्या खर्चाने झाकले. तेवढ्या पैशांत शहरात त्यास दुसरा आसरा नाही. वाडा विकला तरी त्याचा हक्क विकला जात नाही; नवा मालक त्यास बरोबर घेऊनच येतो. म्हणून नवी इमारत बांधू पाहणारा प्रथम बिऱ्हाडे मोजतो व मग खोल्या.

काही मालक मनातल्या मनात एका पावसाळ्याची वाट पाहत बसतात : वाडा आपोआप बसला की भाडेकरूही सुटतील. हा विचार मनुष्यधर्मास सोडून आहे, हे सांगावयास नकोच. पण तो व्यवहारासही सोडून आहे. इमारत नष्ट झाल्याने भाडेकरार आपोआप संपुष्टात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. पडलेल्या वाड्याखाली माणसे मात्र सापडतात. आणि त्या वेळी माजघरात कोण निजले असेल, मालक की बिऱ्हाडकरू, हे तुळई पाहत नाही.

किंमत कोण ठरवितो?

आता किमतीकडे वळू. वाड्याची किंमत कशी ठरते हे आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकले आहे. पाच शाखा, प्रत्येक शाखेस कोथरुडात बऱ्यापैकी सदनिका घेता आली पाहिजे, त्यास, समजा, एक कोटी लागतात, म्हणून वाड्याची किंमत पाच कोटी! या हिशेबात वाडा कोठेच नाही. आजोबांस सहावे अपत्य असते तर हाच वाडा एक कोटीने महाग झाला असता.

गिऱ्हाईकाचा हिशेब उलट्या टोकाने सुरू होतो. गल्लीची रुंदी किती, त्यावरून इमारत किती उंच नेता येईल. रस्तारुंदीत किती जागा जाईल. चटईक्षेत्र किती मिळेल. त्यातून बिऱ्हाडांस किती द्यावे लागेल. बांधकामाचा व व्याजाचा खर्च किती. हे सारे वजा जाता जे उरते ते तो वाड्याचे मोल समजतो. वाडा शनिवारवाड्याच्या जवळ असेल तर आणखी एक वजाबाकी. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे केंद्रसंरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे, व त्यापुढील २०० मीटरांत परवानगीवाचून काही करता येत नाही. विक्रेत्यास जे भूषण वाटते, तेच घेणाऱ्यास बंधन ठरते.

इमारतीचे स्वतःचे मोलही त्याच्या लेखी थोडेच. दगडी जोते, सागवानी खांब आणि भिंतींत मातीचा गारा, ही आपली जुनी बांधणी कोरडी ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण पाण्यापुढे तिचे चालत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे याच कारणाने जमीनदोस्त झाले. पुरासारखा घाला एका दिवसात घालतो ते काम गळके कौल वीस वर्षांत करते.

आपल्या वस्तूस परक्याहून अधिक मोल देणे हा केवळ आपल्या पेठांचाच स्वभाव नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. काहींस साधे चहाकॉफीचे पेले दिले आणि काय किंमत घेऊन विकाल असे विचारले; इतरांस काय देऊन घ्याल असे विचारले. काही मिनिटांपूर्वी हाती आलेल्या पेल्याची विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून अधिक निघाली. तसेच २००१ साली बोस्टन शहरातील सदनिकांच्या विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजार उतरला असता ज्यांनी पूर्वी चढ्या भावाने घरे घेतली होती, त्यांनी विकताना किंमतही चढी सांगितली व त्यांची घरे इतरांपेक्षा अधिक काळ पडून राहिली. पेल्याची ही कथा, तर ज्या ओटीवर मुंजी झाल्या, ज्या देवघरात आजी जपमाळ घेऊन बसे, त्या वाड्याचे मोल घरच्यांच्या मनात किती चढत असेल! ही माया खोटी नाही. फक्त ती गिऱ्हाईकाकडून वसूल होत नाही.

मग करावे काय?

आमची सूचना अशी की पाटी लावण्यापूर्वी घरातील कामे घरात उरकावीत. सर्वप्रथम वंशावळ लिहून काढावी; तीत बहिणी, विधवा सुना व निवर्तलेल्यांची मुले यांपैकी कोणीही गळू देऊ नये. मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे लावून घ्यावीत. जुनी वाटणी केवळ साध्या कागदावर किंवा तोंडी झाली असेल तर ती वकिलास दाखवून टिकते की नाही ते पाहावे. परदेशी असलेल्यांकडून रीतसर साक्षांकित मुखत्यारपत्र मागवावे. बिऱ्हाडांची यादी करून प्रत्येकाशी, दलालामार्फत नव्हे, स्वतः बोलावे. त्यांस नव्या इमारतीत जागा हवी की मोबदला, हे आधी समजले तर अर्धे काम झाले. किंमत माहीतगार मूल्यमापकाकडून काढवून घ्यावी, आणि तिच्याखाली किती उतरावयाचे तेही सर्वांच्या सहीने लिहून ठेवावे. बोलणी करण्यास एकच माणूस नेमावा. कारण गिऱ्हाईक आले असता ओटीवर एक आकडा, माजघरात दुसरा आणि जिन्यात तिसरा ऐकू आला, की ते पुन्हा येत नाही.

आणखी एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. विक्री होईपर्यंत वाड्यात बहुधा एकच कुटुंब उरते, आणि पुष्कळदा ते वयोवृद्ध जोडप्याचे असते. घरपट्टी तेच भरतात, कौले तेच फेरतात, महापालिकेची 'धोकादायक'ची नोटीस त्यांच्याच दारावर लागते. बाकीचे भागीदार चांगल्या भावाची वाट सुखाने पाहू शकतात, कारण ती वाट ते पक्क्या छपराखाली बसून पाहत असतात. विलंबाची सारी किंमत एकाच शाखेवर पडणे न्याय्य नव्हे. दुरुस्तीचा खर्च सर्वांनी हिश्श्याप्रमाणे उचलण्याचे ठरवून पाहावे. तोही वाटला गेला, की फार दिवस अडलेले निर्णय लवकर होऊ लागतात, आणि ते होईपर्यंत वृद्धांच्या डोक्यावरचे छप्पर तरी शाबूत राहते.

वाडा विकणे म्हणजे कुळाची अप्रतिष्ठा, असे आम्ही मानीत नाही. ज्यास तो सांभाळणे शक्य असेल त्याने जरूर सांभाळावा. पण विकावयाचा असे एकदा ठरले, की तो प्रथम आपल्या मनातून आणि मग दप्तरातून मोकळा करावा लागतो. ज्या दिवशी पंधराही वारसांच्या तोंडी एकच आकडा येईल, त्या दिवसापासून गिऱ्हाईकाची वाट पाहण्यास आरंभ करावा. त्यापूर्वी जी वाट पाहिली ती गिऱ्हाईकाची नव्हती. ती एकमेकांची होती.