चागोस : आधी कागदावर रिकामी झालेली बेटं

नकाशात मुंबईवर बोट ठेवा आणि सरळ दक्षिणेकडे रेघ ओढत जा. लक्षद्वीप लागेल, मग मालदीव. विषुववृत्त ओलांडून आणखी थोडं खाली गेलं की, मुंबईपासून सुमारे २,९०० किलोमीटरवर, दिएगो गार्सिया येतं. चागोस द्वीपसमूहातलं हे सगळ्यांत मोठं बेट. आपल्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव येतं ते बहुतेक वेळा अमेरिकी बॉम्बफेकी विमानांच्या बातमीत, नाहीतर ब्रिटन आणि मॉरिशस यांच्या भांडणात. बातमीच्या मागोमाग ठरलेल्या समजुतीही येतात: बेट अमेरिकेचं आहे, तिथे कधीच वस्ती नव्हती, ते मॉरिशसच्या शेजारी आहे, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते मॉरिशसला देऊन टाकलं आहे. चारही चुकीच्या किंवा अर्धवट. पण यांपैकी एक समजूत आपोआप पसरलेली नाही. ती सरकारी कचेरीत बसून, विचार करून तयार केलेली आहे.

आधी भूगोल उरकून घेऊ. चागोस मॉरिशसपासून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. सगळ्यांत जवळचा शेजारी मालदीव, साधारण ५०० किलोमीटरवर. कन्याकुमारीपासूनचं अंतरही मॉरिशसपेक्षा कमी भरतं. साठाच्या आसपास बेटं, सात प्रवाळकंकणं आणि सगळी कोरडी जमीन एकत्र केली तरी साधारण ६० चौरस किलोमीटर. त्यातली जवळपास निम्मी एकट्या दिएगो गार्सियाची. उलट समुद्राखाली दडलेला ‘ग्रेट चागोस बँक’ हा प्रवाळाचा पसारा बारा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि जगातली सगळ्यांत मोठी प्रवाळरचना म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे चागोस हा मुख्यतः समुद्रच आहे. जमीन नावापुरती, आणि तीही बहुतेक ठिकाणी लाटांपेक्षा दोन-तीन मीटर उंच.

या प्रवाळाखालचा पाया मात्र आपल्या ओळखीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानातून दख्खनचा काळा कातळ वर आला, त्याच्यावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची रांग उरली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस. ते तप्त स्थान आज रियुनियन बेटाखाली धगधगतं आहे. सह्याद्री आणि चागोस हे भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने एकाच घराण्यातले.

‘तिथे कोणी राहतच नव्हतं’

ही ती घडवलेली समजूत. तिच्यात सत्याचा एक कण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज दर्यावर्दी आले तेव्हा बेटं खरोखर निर्मनुष्य होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मॉरिशसमधल्या फ्रेंचांनी तिथे नारळाच्या बागा लावायला सुरुवात केली आणि राबायला मोझांबिक, मादागास्करकडचे गुलाम आणले. मधेच, १७८६ साली, मुंबईच्या कंपनी सरकारनेही हात मारून पाहिला. जहाजांना वाटेत रसद मिळावी म्हणून दिएगो गार्सियावर ठाणं बसवायला मुंबईहून तुकडी गेली. जमीन निरुपयोगी निघाली, फ्रेंचांनी हरकत घेतली आणि काही महिन्यांतच कंपनीने गाशा गुंडाळला. तेव्हा त्या भागाचं सर्वेक्षण करणारा लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर पुढे अंदमानात गेला. पोर्ट ब्लेअर हे नाव त्याच्यावरूनच पडलं.

१८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशस आणि त्याच्या अखत्यारीतली बेटं ब्रिटनकडे गेली. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण बागा तशाच राहिल्या. भारतातून गेलेले मजूरही त्यांत मिसळले. खोबरं आणि खोबरेल हा एकच उद्योग, म्हणून या बेटांना ‘तेलाची बेटं’ म्हणत. पाच-सहा पिढ्यांत तिथे स्वतःची क्रिओल बोली तयार झाली, चर्च झाली, कबरस्ताने झाली. दिएगो गार्सियाच्या पूर्व किनाऱ्यावर त्या वसाहतीचे अवशेष आजही उभे आहेत. १९६० च्या दशकात द्वीपसमूहाची लोकसंख्या दीड-दोन हजारांच्या घरात होती.

मग शीतयुद्ध आलं. अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता आणि तो अशा जागी, जिथे उद्या कुठलं नवस्वतंत्र सरकार ‘निघा’ म्हणणार नाही. मॉरिशस तेव्हा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या परिषदेच्या वेळी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांची वेगळी भेट घेतली. त्या भेटीसाठी विल्सनना दिलेलं टिपण आता उघड झालं आहे. त्याचा मथितार्थ असा की, स्वातंत्र्याची आशाही दाखवा आणि ते हुकण्याची भीतीही घाला. तीस लाख पौंडांच्या मोबदल्यात बेटं तोडायला मॉरिशसच्या प्रतिनिधींनी संमती दिली. अशा संमतीला संमती म्हणायचं का, या प्रश्नावर पुढे पन्नास वर्षं वाद झाला. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ‘ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी’ नावाची नवी वसाहत जन्माला आली. जग वसाहती मोडत होतं तेव्हा ब्रिटन एक नवी घडवत होतं.

अडचण एकच होती. वसाहतीत कायमचे रहिवासी असतील तर संयुक्त राष्ट्रांना त्यांच्याबद्दल अहवाल देणं आणि त्यांच्या हिताची जबाबदारी घेणं भाग होतं. यावर लंडनच्या अधिकाऱ्यांनी काढलेला तोडगा सरळ होता: इथे कायमचे रहिवासी नाहीतच, आहेत ते कंत्राटी मजूर, कामापुरते आलेले, असं लिहायचं. बेटावर जन्मलेल्या माणसांना, ज्यांचे आजे-पणजेही तिथेच जन्मले आणि तिथेच पुरले गेले त्यांना, कागदोपत्री पाहुणं ठरवण्यात आलं. त्या काळच्या अंतर्गत पत्रव्यवहारात या लोकांबद्दलची भाषा इतकी तुच्छतेची आहे की ती वाचताना आजही संताप येतो.

कागद तयार झाला, मग माणसं हलवायची होती. १९६७ मध्ये सरकारने बागा विकत घेतल्या. औषधपाण्यासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारली जाऊ लागली. बेटांवर येणारा शिधा आटत गेला. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामं झालं. तिथल्या शेकडो कुत्र्यांना खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून वाहनांच्या धुराने मारण्यात आलं. काही माणसं आधी पेरोस बान्होस आणि सालोमन या दूरच्या बेटांवर नेली, १९७३ पर्यंत तिथूनही काढली आणि मॉरिशस किंवा सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवली. परवान्याशिवाय प्रदेशात राहणं गुन्हा ठरवणारा हुकूम १९७१ मध्येच निघाला होता. भरपाईचा पहिला हप्ता, साडेसहा लाख पौंड, मॉरिशस सरकारकडे १९७२ मध्ये गेला. तो माणसांच्या हाती पडायला आणखी पाचेक वर्षं लागली.

‘दिएगो गार्सिया अमेरिकेचं आहे’

तिथे गेलात तर तसंच वाटेल. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, दुकानात डॉलर चालतो, हजारो माणसांत ब्रिटिश असतात ते चाळीसेक. बाकी अमेरिकी सैनिक आणि कंत्राटी कामगार, त्यांत फिलिपिनो बरेच. पण मालकी अमेरिकेची नाही. डिसेंबर १९६६ च्या करारान्वये पन्नास वर्षांसाठी वापराची परवानगी मिळाली, पुढे ती वीस वर्षांनी वाढून २०३६ पर्यंत गेली. भाडं शून्य. शून्य म्हणजे दाखवायचं. ब्रिटनने घेतलेल्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या किमतीतून अमेरिकेने १.४ कोटी डॉलरची रक्कम गुपचूप माफ केली आणि ही गोष्ट अमेरिकी संसदेलाही सांगितली नाही.

या प्रदेशाचा कारभार मजेशीर आहे. आयुक्त असतो, पण तो लंडनमध्ये बसतो. विधिमंडळ नाही, निवडणूक नाही. आयुक्तच कायदे करतो. बेटावर त्याचा प्रतिनिधी म्हणजे ब्रिटिश नौदलाचा एक अधिकारी. पोलीस, न्यायदंडाधिकारी, सीमाशुल्क अधिकारी अशा टोप्या बेटावरच्या मूठभर ब्रिटिशांनीच घालायच्या. प्रदेशाला सर्वोच्च न्यायालयही आहे, आणि ते नुसतं शोभेचं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅनडाकडे निघालेल्या श्रीलंकी तमिळांची बोट अडचणीत सापडून दिएगो गार्सियाला आणली गेली. त्यांना तिथे तीन वर्षं कुंपणाआड तंबूंत ठेवलं. खटल्यासाठी न्यायाधीशांनी बेटावर जायचं ठरवलं तर अमेरिकेने आधी हरकत घेतली. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालय बेटावर भरलं आणि डिसेंबरमध्ये ही स्थानबद्धता बेकायदा होती असा निकाल आला. ‘ओसाड’ बेटावर माणसं आली की कायदाही येतो, हे ब्रिटिश प्रशासनाला बहुधा तेव्हा उमगलं असावं.

जाता जाता: संगणक कंपन्यांच्या संकेतस्थळांना लागणारं ‘.आयओ’ हे शेपूट याच प्रदेशाचं आहे. संगणकातल्या इनपुट-आउटपुटशी त्याचा संबंध वापरणाऱ्यांनी जोडला.

‘१९७१ मध्ये सातवं आरमार इथूनच आलं’

बांगलादेश युद्धाच्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं. पण सातव्या आरमाराची ‘एंटरप्राइझ’ ही अमेरिकी विमानवाहू नौका पॅसिफिककडून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून बंगालच्या उपसागरात आली होती. दिएगो गार्सियावर तेव्हा अमेरिकी नौदलाचे बांधकाम कामगार नुकते उतरले होते; तिथलं संदेशवहन केंद्र १९७३ मध्ये सुरू झालं. तळ खऱ्या अर्थाने फुगला तो १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर. १९९१ मध्ये इराकवर, २००१ मध्ये अफगाणिस्तानवर आणि २००३ मध्ये पुन्हा इराकवर गेलेली बॉम्बफेकी विमानं मात्र इथून उडाली. हिंदी महासागर शांतताक्षेत्र व्हावा अशी मागणी करत भारताने या तळाला दीर्घकाळ विरोध केला. आता दिल्ली तळाबद्दल फारसं बोलत नाही, मॉरिशसच्या हक्काला मात्र उघड पाठिंबा देते.

‘न्यायालयाने बेटं मॉरिशसला दिली’

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जे दिलं ते सल्लागार मत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, दोन पक्षांतल्या दाव्याचा निवाडा नव्हे. तेरा विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालयाने सांगितलं की १९६५ ची तोडणी बेकायदा होती आणि ब्रिटनने आपला कारभार शक्य तितक्या लवकर संपवावा. त्याच वर्षी मे महिन्यात आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी सहा महिन्यांची मुदत घातली. विरोधी सहांत मालदीवही होता, कारण त्याची समुद्रसीमेची स्वतःची चिंता होती. मुदत उलटली, ब्रिटन जागचं हललं नाही. पण ‘नुसतं मत’ म्हणून ते उडवूनही लावता येत नाही. २०२१ मध्ये समुद्रकायद्याच्या न्यायाधिकरणाने त्याच मताच्या आधारे मॉरिशसचा हक्क गृहीत धरला, आणि जागतिक टपाल संघाने या प्रदेशाची ब्रिटिश तिकिटं मान्य करणं थांबवलं.

याआधी २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवतीचा सुमारे ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटर समुद्र मासेमारीबंद राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला होता. प्रवाळाच्या दृष्टीने निर्णय चांगलाच. पण विकिलीक्सने उघड केलेल्या अमेरिकी दूतावासाच्या तारेत, राखीव क्षेत्र झालं की बेटवासीयांना परतण्याची मागणी रेटणं जड जाईल, असा ब्रिटिश अधिकाऱ्याचा सूर नोंदलेला आहे. २०१५ मध्ये लवादाने ते क्षेत्र मॉरिशसला डावलून घोषित केलं म्हणून बेकायदा ठरवलं.

अखेर २२ मे २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. ब्रिटनकडून पंतप्रधान किअर स्टार्मर, मॉरिशसकडून नवीन रामगुलाम, म्हणजे १९६५ च्या रामगुलामांचे चिरंजीव. सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सियाचा वापर ९९ वर्षं ब्रिटनकडे, मोबदला वर्षाला सरासरी १०.१ कोटी पौंड. म्हणजे ‘तळ जाणार’ हीसुद्धा अफवाच. सही झाली म्हणून दुसऱ्या दिवशी झेंडा बदलतो असंही नाही. दोन्ही देशांची मंजुरी पूर्ण झाल्यावरच करार अमलात येतो.

या करारावर सगळे चागोसवासी खूश आहेत, ही आणखी एक सोयीची समजूत. मॉरिशसमधला एक गट, ऑलिव्हिए बँकू यांच्या नेतृत्वाखालचा, मॉरिशसच्या बाजूने उभा आहे. बँकू यांनीच २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात परतण्याचा हक्क जिंकला होता. सरकारने २००४ मध्ये राजाज्ञेने तो काढून घेतला आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. इंग्लंडमधल्या क्रॉली शहरात वसलेल्या अनेकांना मात्र मॉरिशस परकंच वाटतं. सही होण्याच्या दिवशी पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन महिलांच्या अर्जावर न्यायालयाने सहीला तात्पुरती स्थगिती दिली होती. दुपारपर्यंत ती उठली. त्यांची तक्रार साधी होती: आम्हाला विचारलं कोणी?

करारात चागोसवासीयांसाठी चार कोटी पौंडांचा निधी आहे आणि मॉरिशसला बाकीच्या बेटांवर त्यांना वसवण्याची मोकळीक आहे. पुनर्वसन अशक्य नाही, खर्चिक आहे, असं ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या केपीएमजीच्या २०१५ च्या अहवालातही होतं. पण पेरोस बान्होस आणि सालोमनवर आज ना धक्का आहे, ना दवाखाना, ना वीज. सगळ्या द्वीपसमूहात धावपट्टी एकच आहे आणि ती दिएगो गार्सियावर आहे, जिथे त्यांना राहायला परवानगी नाही.