तारा तुटलेलं हृदय

आमगाव-देवरीकडच्या लोकांना ती बातमी अजून आठवत असेल. एप्रिल 2018. अपघातात जबर जखमी झालेली आपल्या गोंदिया जिल्ह्यातली सहा वर्षांची मुलगी नागपुरात मेंदूमृत ठरली. आईवडिलांनी अवयवदानाला होकार दिला आणि तिचं हृदय विमानानं मुंबईला, एका चिमुकल्या रुग्णासाठी गेलं.

अशा बातम्या धावत्या ॲम्ब्युलन्सपाशी आणि ग्रीन कॉरिडॉरपाशी संपतात. धावपळ खरीच असते, कारण शरीराबाहेर काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तासच तग धरतं. पण मला नेहमी उत्सुकता वाटते ती त्यानंतरची. आयसीयूचं दार बंद झालं की आत काय चालतं?

हृदय काढताना त्याच्या नसा कापाव्या लागतात. रक्तवाहिन्या शिवता येतात, नसा नाही. म्हणजे नव्या छातीत धडधडणाऱ्या हृदयाला मेंदूच्या तारा जोडलेल्याच नसतात. तरी ते चालतं, कारण ठोक्याची ठिणगी त्याच्या स्वतःच्याच भिंतीत पडते. मात्र वेग आवरणारी व्हेगस नस तुटल्यामुळे पुढे बसल्या जागीही ठोके जरा जलदच पडतात. मूल घाबरलं, रडलं, तरी ते झटकन वाढत नाहीत. ॲड्रेनलिन रक्तातून येऊन पोचेल तेव्हा वाढतात, आणि मूल शांत झाल्यावरही बराच वेळ ओसरत नाहीत. त्यामुळे बाळाला दुखतंय का, हे मॉनिटरच्या आकड्यांवरून लगेच कळत नाही. नर्सला त्याच्या चेहऱ्याकडेच बघावं लागतं.

पहिले काही दिवस तर हे हृदय थकलेलं असतं. ठोके मंदावलेच तर हाताशी असाव्यात म्हणून शल्यचिकित्सक त्यावर बारीक तारा टाचून ठेवतात. त्या बाहेरच्या पेसमेकरला जोडता येतात. मोठी काळजी असते उजव्या कप्प्याची. आजारी मुलाचं जुनं हृदय नीट काम करत नसल्यानं फुप्फुसांतला रक्तदाब कित्येक महिने चढलेला असतो. देणाऱ्याच्या निरोगी हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायची सवय नसते, ते फुगतं, दमतं. अशा वेळी व्हेंटिलेटरच्या हवेतून नायट्रिक ऑक्साइड दिला जातो. तो फुप्फुसांतल्याच वाहिन्या सैल करतो, बाकी शरीराचा रक्तदाब पाडत नाही.

मग प्रतिकारशक्तीचा प्रश्न. तिला गप्प बसवणारं टॅक्रोलिमस हे औषध जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून 1984 मध्ये सापडलं. मात्रा कमी पडली तर शरीर हृदय नाकारतं, जास्त झाली तर मूत्रपिंडं बिघडतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. म्हणून रक्तातलं औषधाचं प्रमाण पुन्हा पुन्हा मोजायचं. नकाराची लक्षणं लहान मुलात फसवी असतात: दूध नको, किरकिर, फुगलेलं पोट. शंका आली तर मानेच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन तिळाएवढा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

एका बाबतीत बाळांचं मोठ्यांपेक्षा बरं असतं. परक्या रक्तगटाविरुद्धची प्रतिपिंडं जन्मतः नसतात, हळूहळू तयार होतात. हे हेरून टोरंटोच्या डॉ. लोरी वेस्ट यांच्या चमूनं अगदी तान्ह्या मुलांना वेगळ्या रक्तगटाची हृदयं बसवली आणि 2001 मध्ये तसं प्रसिद्ध केलं. मोठ्या माणसात हेच केलं तर नवं हृदय काही तासांतही निकामी होऊ शकतं.

इथवर यायला वेळ लागला. 1968 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं, पण रुग्ण काही तासांतच गेला. देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलं, ऑगस्ट 1994 मध्ये. हात 1968 मध्येही कुशल होते. उणीव होती ती शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांची आणि अवयवदानाच्या कायद्याची.

तो कायदाही 1994 चाच. मेंदूमृत्यूच्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा कराव्या लागतात. आणि मेंदूमृत व्यक्ती 18 वर्षांखालची असेल, तर आई किंवा वडील, दोघांपैकी कुणा एकाची लेखी संमती पुरते.