धरणगावची भिल्ल पलटण आणि जेम्स आउट्रम

जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे दोनशे वर्षांपूर्वी एका तरुण इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारली. जेम्स आउट्रम हे त्याचे नाव. तलवारीच्या बळावर आलेल्या या शिपायाचा प्रशासक झाला तो खानदेशातच.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले, व्यापाऱ्यांना तेथे वसण्यास बोलावले. तथापि सातपुडा व सातमाळ्याच्या डोंगरांत शांतता नव्हती. गावांची आणि घाटांची राखण हे भिल्लांचे परंपरागत काम व त्याबद्दलचा हक्क हे त्यांचे उत्पन्न. धामधुमीच्या काळात गावे ओस पडली, हक्क बुडाले आणि राखणदारच लुटारू ठरले. १८०४ च्या सुमारास कोपरगाव येथे पेशव्यांच्या अधिकाऱ्याने त्यांची कत्तल केली होती. तेव्हापासून सरकारच्या शब्दावरील त्यांचा विश्वास पार उडाला होता. इंग्रजांनी पाठविलेल्या फौजांना भिल्ल हाती लागत नव्हते आणि जंगलातील तापाने शिपाई मात्र दगावत होते.

अखेर १८२५ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या सरकारने धोरण बदलले. भिल्लांसाठी स्वतंत्र एजंट नेमून त्यांना पडीक जमीन व तगाई द्यावी आणि लढवय्यांना फौजेत घ्यावे, असे ठरले. पलटण उभारण्याचे काम आले २३व्या देशी पलटणीतील आउट्रमकडे. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता.

प्रथम त्याने बंडखोरांवर छापा घातला. नंतर मात्र पकडलेल्यांच्याच मध्यस्थीने नायकांशी बोलणे सुरू केले. तो भिल्लांच्या वस्तीत निर्धास्त राही, त्यांच्याबरोबर वाघाची शिकार करी. आरंभी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक आले. पलटणीत नाव घातले की सरकार आपल्याला एकत्र करून मारील, ही भीती त्यांच्या मनातून जात नव्हती. पुढे आउट्रमच्या मूळ पलटणीतील शिपायांनी या नव्या भरतीला हिणवले तर नाहीच, उलट आपल्यात बसवून खाऊपिऊ घातले. ज्यांना सारे हीन लेखत, त्यांना या वागणुकीने जो धीर आला, तो पगाराने आला नसता.

मात्र या प्रयोगाला दुसरी बाजूही होती. १८३० मध्ये हेच भिल्ल शिपाई डांगच्या मोहिमेवर गेले. १८५८ मध्ये सातपुड्यातील अंबापाणी येथे खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांविरुद्ध इंग्रजी फौज लढली. हा खाज्या नाईक पूर्वी सेंधव्याच्या घाटात इंग्रजांच्याच चाकरीत होता. सरकारने चाकरी दिली. पण डोंगरावरील सत्ता भिल्लांना परत दिली नाही.

आउट्रमने १८३५ मध्ये खानदेश सोडला. सिंधच्या विलीनीकरणाला त्याने उघड विरोध केला. मात्र १८५६ मध्ये लखनौचा रेसिडेंट म्हणून अवध खालसा करण्याचा हुकूम त्यानेच बजावला. १८५७ च्या लखनौच्या लढाईने तो इंग्लंडमध्ये गाजला आणि १८६३ मध्ये मरण पावल्यावर त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत स्थान मिळाले. खानदेशाच्या दृष्टीने मात्र त्याची धरणगावची दहा वर्षेच अधिक महत्त्वाची आहेत. आदराने वागवल्यास दुरावलेली माणसे जवळ येतात, हे त्या वर्षांनी दाखवले. आणि हक्क परत न देता दिलेला आदर कोठवर पुरतो, हे अंबापाणीने.