रील, खाकी आणि निलंबनाचा कागद

कळंब डेपोतल्या एका महिला कंडक्टरचे रील २०२२ साली आमच्या जिल्ह्यात घरोघरी पाहिले जात होते. अंगावर एसटीची खाकी आणि काही सेकंदांचं गाणं, एवढाच मामला. त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला महामंडळाने त्यांना निलंबित केलं. व्हिडिओत सोबत दिसलेल्या वाहतूक नियंत्रकालाही घरी बसवलं. गणवेशात असे व्हिडिओ केल्यामुळे महामंडळाची प्रतिमा मलिन झाली, हे कारण. दिवस नवरात्राचे होते. तुळजापूरला आई भवानीच्या दर्शनाला जाणाऱ्या गर्दीसाठी जादा गाड्या सोडायच्या असतात, एकेक कंडक्टर मोजून लावावा लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत दोन माणसं कामावरून कमी केली गेली.

पुढे झालं ते अपेक्षितच होतं. ज्यांनी रील पाहिले नव्हते त्यांनीही आता शोधून पाहिले. राज्यभरातल्या वाहिन्यांवर बातमी फिरली. ‘एसटीच्या फुटक्या खिडक्यांनी प्रतिमा मलिन होत नाही का,’ असं लोक विचारू लागले. शेवटी निलंबन मागे घेतलं गेलं. रीलने महामंडळाचं काय नुकसान केलं हे मला आजही सांगता येणार नाही. निलंबनाच्या आदेशाने काय केलं ते मात्र सगळ्यांनी पाहिलं.

मी याच जिल्ह्यात, एका सरकारी कार्यालयात, आस्थापनेच्या टेबलावर नोकरी काढली. आस्थापना म्हणजे रजा, वेतनवाढ, सेवापुस्तक आणि कारणे दाखवा नोटिसा. सुरुवातीला नोटिसा निघायच्या उशिरा येण्याबद्दल, विनापरवानगी गैरहजर राहण्याबद्दल, क्वचित दारूबद्दल. शेवटच्या काही वर्षांत त्यांत स्टेटस, फेसबुकची पोस्ट आणि ग्रुपवर टाकलेला फोटो यांची भर पडली. साहेब बदलले की भाषा बदलायची, शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं असायचं: आपला खुलासा समाधानकारक न वाटल्यास आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.

या प्रकरणांत पुरावा म्हणून काय येतं ते बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. येतो एक ए-फोर कागद. कुणीतरी मोबाइलवर स्क्रीनशॉट काढलेला, तो दुसऱ्याला पाठवलेला, त्याने तिसऱ्याला, आणि शेवटी ऑफिसच्या प्रिंटरवर काळ्यापांढऱ्यात छापलेला. प्रोफाइल फोटोच्या जागी काळा ठिपका. मजकुराचा खालचा भाग कापलेला. वरच्या कोपऱ्यात नावाखाली लिहिलेलं असतं ‘२ तासांपूर्वी’. कोणत्या दिवसाच्या दोन तासांपूर्वी? कागदावर तारीख एकच, आवक शिक्क्याची, आणि ती तक्रार करणाऱ्याची. पोस्ट ड्युटीच्या वेळेत टाकली की सुट्टीच्या दिवशी, हा चौकशीतला पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्या कागदावर नसतं. तरीही त्याच कागदावर माणसं घरी बसलेली मी पाहिली आहेत.

एक प्रकरण जवळून पाहिलं, म्हणून सांगते. एका कनिष्ठ सहायकाने पावसाळ्यात रेकॉर्ड रूमचा फोटो स्टेटसला ठेवला. छत गळत होतं, दप्तरांच्या गाठोड्यांवर प्लॅस्टिक टाकलेलं, खाली लोखंडी बादली. सोबत एकच ओळ: ‘आमचा जलसाठा’. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला नोटीस तयार करायला सांगितली. मी विचारलं, ‘साहेब, फोटो खरा आहे की खोटा, ते नोटिशीत लिहू का?’ साहेब म्हणाले, ‘मॅडम, तो मुद्दा नाही.’ माझ्या मते मुद्दा तोच होता. पोराचा खुलासा आला चार ओळींचा, त्यात त्याने छताबद्दल आधी दिलेल्या दोन अर्जांचे आवक क्रमांक लिहिले होते. त्या क्रमांकांनंतर साहेबांचा आवाज उतरला. प्रकरण दप्तरी दाखल झालं. छत मात्र पुढच्या पावसाळ्यातही गळालं.

निलंबनाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. निलंबन ही कायद्याच्या भाषेत शिक्षा नाही. चौकशी चालू असताना माणूस जागेवर राहिला तर कागद गायब करील, साक्षीदारांवर दबाव आणील, अशी भीती असेल तेव्हा त्याला बाजूला ठेवायची ती सोय आहे. राज्य सरकारी नोकर निलंबित झाला की सुरुवातीला साधारण अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, ठरवून दिलेलं मुख्यालय परवानगीशिवाय सोडता येत नाही, दुसरी नोकरी करता येत नाही. मग सांगा, रील तर इंटरनेटवर सगळ्यांसमोर आहे, त्यातला कोणता पुरावा कंडक्टर गायब करणार होती? आपल्याकडे निलंबन वापरलं जातं ते ‘बघा, आम्ही काहीतरी केलं’ हे गर्दीला दाखवण्यासाठी. खरं काम त्यानंतरचं असतं: दोषारोपपत्र आणि त्याची चार जोडपत्रं. पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्याचा तपशील, तिसऱ्यात कागदपत्रं, चौथ्यात साक्षीदार. ‘प्रतिमा मलिन केली’ एवढं पहिल्या जोडपत्रात लिहून झालं की दुसऱ्यात काय लिहायचं, इथे भल्याभल्यांची लेखणी अडते.

आता नियम आले आहेत. २८ जुलै २०२५ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांच्या वापराबद्दल शासन निर्णय काढला. तो मंत्रालयातल्या माणसापुरता नाही. स्थानिक स्वराज्य संस्था, महामंडळं, सार्वजनिक उपक्रम, प्रतिनियुक्तीवरचे आणि कंत्राटी लोकही त्यात आले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा. सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका. गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकू नका. बंदी असलेली अ‍ॅप वापरू नका. प्रोफाइलचा फोटो सोडला तर वैयक्तिक खात्यावरच्या फोटो-रीलमध्ये पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, सरकारी गाडी, इमारत दाखवू नका. योजनेच्या यशाबद्दल लिहायला हरकत नाही, पण आत्मस्तुती नको. नियम मोडला तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली कारवाई.

यातला गणवेशाचा नियम मला पटतो. खाकी घातलेली बाई प्रवाशाच्या नजरेत एकटी नसते, तिच्यामागे अख्खी एसटी उभी असते. आधी स्पष्ट सांगा आणि मग मोडलं तर विचारा, एवढंच माझं म्हणणं आहे. टीकेच्या कलमाबद्दल मात्र मला शंका आहे. ‘आमच्या उपकेंद्रात दोन आठवडे तापाच्या गोळ्या नाहीत’ असं आरोग्यसेविकेने लिहिलं, तर ती धोरणावर टीका झाली की वस्तुस्थिती? साहेब हुशार असेल तर आधी गोळ्या पाठवील. नसेल तर नोटीस पाठवील. आणि आत्मस्तुतीचं म्हणाल, तर ती थांबवायला सुरुवात वरून करावी लागेल, असो.

एक गंमत आणखी आहे. फोटोची सवय कर्मचाऱ्यांना लावली कुणी? याच राज्यात २०१६ च्या अखेरीस शाळांना विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ऑनलाइन टाकायला सांगितलं होतं. शिक्षकांनी ओरड केल्यावर ते थांबलं. आजही झाड लावलं की फोटो, बैठक झाली की फोटो, आणि तो ग्रुपवर टाकल्याशिवाय काम झालं असं कुणी मानत नाही. दिवसभर फोटो मागायचे आणि संध्याकाळी स्वतःचा टाकला म्हणून भुवया उंचवायच्या, हे कर्मचाऱ्याला कळत नाही यात नवल नाही.

न्यायालयांनी काय म्हटलं आहे? दोन्ही बाजूंचं. त्रिपुरात मत्स्य विभागातल्या एका महिला कर्मचाऱ्याला राजकीय सभेला हजर राहिल्याबद्दल आणि फेसबुक पोस्टबद्दल, निवृत्तीला अवघे काही दिवस उरले असताना निलंबित केलं होतं. तिथल्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं, की सरकारी नोकरी लागली म्हणून माणसाचं भाषणस्वातंत्र्य संपत नाही. वर्तणूक नियमांच्या मर्यादेत ते राहतंच. उलट मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये एका वाहन-भागांच्या कारखान्यातल्या कामगाराचं प्रकरण पाहिलं. पगारवाढीचा वाद चालू असताना त्याने फेसबुकवर व्यवस्थापनाविरुद्ध मजकूर टाकला होता. तिथे न्यायालय कंपनीच्या बाजूने उभं राहिलं: चिथावणी देणारा मजकूर असेल तर प्रत्यक्ष दंगा होईपर्यंत मालकाने वाट पाहायची गरज नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की फरक कळतो. एकीकडे मत होतं, दुसरीकडे लोकांना भडकवण्याचा हेतू दिसला.

पोलिसांत जाण्याची घाई तर त्याहून वाईट. मुंबईत २०१२ मध्ये एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुरापायी बारा दिवस कोठडीत काढावे लागले. ज्या कलमाचा असा वापर होत होता, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दच केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने कलम ३७० बद्दल व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवलं म्हणून गुन्हा दाखल झाला होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. आणि ग्रुप अ‍ॅडमिनसाठी दिलासा: सदस्याने काहीही टाकलं तरी समान हेतू असल्याशिवाय अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. ऑफिसच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन बहुधा सर्वांत धाकटा कारकून असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पुन्हा एसटीकडे येते, कारण भूम डेपोचं प्रकरणही आमचंच. मार्च २०२३ मध्ये भूमच्या एका गाडीचा फोटो गाजला. गाडीवर सरकारची झकपक जाहिरात आणि वर फुटलेल्या खिडक्या. तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी तो विषय विधानसभेत काढला. परिणाम काय? तीन एसटी कर्मचारी निलंबित. कळंबला पोस्ट टाकणारी निलंबित झाली. भूमला ज्यांच्या गाडीचा फोटो फिरला ते झाले. काचांसाठी पैसे कुणी दिले नव्हते आणि त्या गाडीवर जाहिरात चिकटवायला कुणी सांगितलं, हे त्या तीन माणसांना विचारून कळण्यासारखं नव्हतं.

खासगी नोकऱ्यांत तर नियमही नाहीत. आमच्याकडे साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, इंग्रजी शाळा, दवाखाने, दुकानं आहेत. तिथे लेखी धोरण म्हणजे मालकाचा मूड. अशा मालकांना माझं सांगणं फार मोठं नाही. एका पानावर मराठीत लिहून द्या: पेशंटचा, ग्राहकाचा, विद्यार्थ्याचा फोटो कधीही टाकायचा नाही. खात्यांची, औषधांची, व्यवहाराची माहिती बाहेर न्यायची नाही. दुकानाच्या नावाने बोलायचं नाही. बाकी तुमचं घर, तुमचं मत, तुमचं गाणं तुमचं. त्या पानावर सही घ्या आणि एक प्रत त्याला द्या. एवढं केलं की निम्मी भांडणं होतच नाहीत.

आणि तरीही एखादी पोस्ट खटकली, तर आधी माणसाला आत बोलवा, दार लावून विचारा. पोस्ट खरी आहे का? वेळ कोणती? कुणाचं नुकसान झालं? मोडला तो नियम त्याला आधी सांगितला होता का? पहिल्यांदाच घडलं असेल तर तोंडी समज पुरते. दुसऱ्यांदा झालं तर लेखी. पगार, बढती आणि नोकरी यांना हात घालायचा तो चौकशीनंतर, आणि चौकशी त्याच अधिकाऱ्याने करू नये ज्याच्यावर पोस्टमध्ये टीका आहे. हा शेवटचा नियम सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा.

कर्मचाऱ्यांनाही दोन शब्द. नोटीस हातात पडली की घाबरून पोस्ट डिलीट करू नका. तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट स्वतः काढून ठेवा. ग्रुपवर उत्तर देत बसू नका. खुलासा मुदतीत, थोडक्यात आणि लेखी द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक विभागाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.