पिल्लावर पिल्लू

अमेरिकेत अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरच्या लोकरीच्या जनावराच्या जाहिराती टीव्हीवर लागत त्या काळात, म्हणजे २००० नंतरच्या काही वर्षांत, त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. पन्नाशी उलटलेलं जोडपं. मुलं शिकून बाहेर पडलेली, दोघंही नोकरीला कंटाळलेली, ओहायोत नाहीतर वॉशिंग्टन राज्यात गावाबाहेर पाच-दहा एकर जागा घेतलेली. गाई-घोडे या वयात झेपायचे नाहीत, डुकरांचा वास नको. अल्पाका साठ-सत्तर किलोचा, बिनशिंगांचा. त्याच्या पायाला खुराऐवजी मऊ गादी असते, त्यामुळे कुरण उखडत नाही. सगळा कळप एका ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो, म्हणजे झाडलोटही सोपी. आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणतो! अशा जनावराच्या प्रेमात पडायला फार वेळ लागत नाही.

प्रेमाच्या जोडीला हिशेबाचा कागदही हातात दिला जाई. चांगल्या वंशाची गाभण मादी त्या वेळी दहा ते वीस हजार डॉलरला, कधी त्याहून महाग मिळे. पाच माद्या घ्या, दर वर्षी प्रत्येकीला एक पिल्लू, निम्मी पिल्लं माद्या, त्यांनाही पुढे पिल्लं; काही वर्षांत कळप दुप्पट, मग चौपट. शिवाय करसवलत. शेतीच्या भांडवली खरेदीवर एका वर्षात घेता येणाऱ्या वजावटीची मर्यादा २००३ मध्ये पंचवीस हजार डॉलरवरून एक लाखावर गेली आणि तिच्यात पैदाशीची जनावरंही बसत. त्या कागदावर लोकरीचं उत्पन्नही असे, पण कुठेतरी खाली, किरकोळ रकान्यात. मला सगळ्यात बोलका वाटतो तो हाच रकाना.

अमेरिकेत अल्पाकांची व्यापारी आयात १९८४ मध्ये सुरू झाली. पुढे वंशनोंदणीची वही आली. आई-बाप रक्ततपासणीने, नंतर डीएनएने सिद्ध झाल्याशिवाय तीत नाव चढत नसे. १९९८ च्या अखेरीस ही वही परदेशी जनावरांना बंद झाली. तिथून पुढे नोंदलेला अल्पाका हवा तर तो आधीच्या नोंदलेल्यांच्या पोटीच जन्मायला हवा. कृत्रिम रेतनाने किंवा भ्रूणरोपणाने झालेल्या पिल्लालाही नोंदणी नाही. म्हणजे पुरवठ्याचा नळ पैदासकारांनीच आवळलेला होता. मी तेव्हा तिथे असतो तर मलाही हे शहाणपणाचं वाटलं असतं.

जोडप्याचं रोजचं काम मात्र खरं होतं, आणि ते जाहिरातीपेक्षा कितीतरी रंजक. अल्पाकाची मादी गाई-म्हशीसारखी ठरावीक काळाने माजावर येत नाही. नराशी संग झाल्यावरच तिचं बीज सुटतं. ती पाय दुमडून बसते आणि नर घशातून एक विचित्र घरघर काढत वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ तिच्यावर असतो. दोनेक आठवड्यांनी तिला पुन्हा नरासमोर आणतात. खाली बसली तर गाभ राहिलेला नाही. मान मागे टाकून थुंकली, लाथा झाडत पळाली, तर बहुधा राहिलेला आहे. सोनोग्राफी नंतर करतातच, पण पहिला निकाल या थुंकीचा. ती थुंकी म्हणजे पोटातून आलेला हिरवा, आंबूस रस असतो आणि मध्ये उभं राहणाऱ्या माणसाचीही गय होत नाही.

गाभणपण साडेअकरा महिन्यांचं. जुळं क्वचित. माद्या बहुतेक दिवसाउजेडी, त्यातही सकाळी वितात. अँडीजच्या पठारावर रात्री पाणी गोठतं, तेव्हा ओलं पिल्लू अंधार पडण्याआधी वाळायला हवं. शेकडो पिढ्यांनी ती वेळ अंगात भिनवली असावी. आई पिल्लाला चाटत नाही, नाक लावून गुणगुणते एवढंच. त्यामुळे थंडी-पावसात टॉवेल घेऊन धावायचं काम माणसाकडे येतं. पिल्लू सहा ते नऊ किलोचं, तासा-दोन तासांत उभं राहून सडाला लागतं. चीक पोटात गेला नाही तर बाटली. पण बाटलीवर वाढवलेल्या नर पिल्लाचे फार लाड करू नयेत, असं जाणते सांगतात. माणसालाच आपल्यातला समजणारा असा नर मोठा झाला की धन्याच्याच अंगावर जातो. आणि विल्यावर दोन-तीन आठवड्यांत आईला पुन्हा नर दाखवायचा, नाहीतर वर्षाला एक पिल्लू हे गणित चुकतं.

पूर्व अमेरिकेत आणखी एक दुखणं आहे. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मेंदूभोवतीच्या आवरणात एक जंत असतो. हरणाला त्याचं काही नाही. गोगलगाईमार्फत तो अल्पाकाच्या पोटात गेला तर थेट मज्जारज्जू गाठतो. मागचे पाय लटपटतात, जनावर बसतं ते बसतंच. म्हणून दर महिन्याच्या सुमारास प्रत्येकाला जंतनाशकाचं इंजेक्शन. नखं कापायची, वाढलेले दात घासायचे, उन्हाळ्यात पंखे लावायचे. एकटा अल्पाका झुरतो, म्हणून एक कधी ठेवायचा नाही. दोघांनी मिळून गावाला जाणं जवळपास बंद.

वसंताच्या शेवटी कातरणी करणारे फिरत्या टोळीने येतात. जनावराला आडवं पाडून पुढचे-मागचे पाय दोरांनी ताणतात आणि दहा मिनिटांच्या आत मोकळं करतात. पाठीवरची-कुशीवरची लोकर वेगळी, मानेची वेगळी, पायांची जाड लोकर वेगळी. सगळी मिळून दोन ते चार किलो. मेंढीच्या लोकरीसारखं तेल तिच्यात जवळजवळ नसतं, स्पर्श उबदार आणि निसरडा, रंग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नैसर्गिक. सुंदर माल. पुढे काय? अमेरिकेत ती कातून, विणून घेणारा मोठा उद्योगच नव्हता. छोट्या गिरण्यांत महिनोन्‌महिने नंबर लागायचा. कित्येक घरांच्या माळ्यावर वर्षावर्षांच्या पिशव्या साचत गेल्या.

पेरूत हे चित्र उलटं. जगातले बहुसंख्य अल्पाका तिथेच, पुनो, कुस्को, अरेकिपा भागांत, बरेचसे चार हजार मीटरच्या वर. मेंढपाळ गरीब, पण मागे अरेकिपाच्या गिरण्या उभ्या आहेत; त्यांतली मिचेल १९३१ पासूनची. पैदासही तिथे पोरखेळ नाही. मकुसानीचे डॉन हुलिओ बार्रेदा यांनी अकोयो नावाच्या आपल्या रानावर अर्धशतकाहून अधिक काळ नर निवडण्यात घालवला, आणि अमेरिकी लिलावांत 'अकोयो' शब्दालाच भाव आला. पण मला वाटतं, खरा फरक लोकरीत नव्हता. तो नर पिल्लांत होता. जन्मणाऱ्यांत निम्मे नर. त्यांतला एखादाच पैदाशीला लागतो. अँडीजमध्ये बाकीच्यांचं मांस खातात, वाळवून चारकी करतात. अमेरिकी जोडप्याने प्रत्येक पिल्लाला नाव ठेवलेलं, मांस हा शब्दही तिथे चालत नव्हता. खच्ची केलेले नर चरत राहिले, वीस वर्षांपर्यंत जगत राहिले आणि हिशेबाच्या कागदावर त्यांना जागा नव्हती.

हे जनावर घर सोडून नेण्याचा प्रयत्न जुनाच. चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रजाने निर्यातबंदी मोडून अँडीजमधून कळप हाकलत काढला आणि १८५८ मध्ये अडीचशेच्या आसपास जनावरं सिडनीला उतरवली. सरकारने ती विकत घेतली. काही वर्षांतच योजना बारगळली. त्याआधी टायटस सॉल्ट यॉर्कशरमध्ये जनावराच्या वाटेला न जाता लोकरीच्या गासड्यांवर श्रीमंत झाला होता. त्याची गिरणी आणि तिच्याभोवतीचं सॉल्टेअर हे गाव १८५३ पासून उभं आहे. आपल्याकडे एकेकाळी वकिलांच्या आणि कारकुनांच्या अंगावर दिसणारा काळा अल्पाकाचा कोट याच विलायती गिरणधंद्याची देणगी. कोट घालणाऱ्यांपैकी कितीजणांना तो कुठल्या जनावराचा आहे हे ठाऊक होतं, कोण जाणे.

अमेरिकी भाव लोकरीवर टिकणारे नाहीत, हे दोघा कृषिअर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्येच लिहिलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या टीना सायटोन आणि रिचर्ड सेक्स्टन यांनी हिशेब मांडला, की मादीची किंमत तिच्या लोकरीच्या कमाईशी कुठेच जुळत नाही, ती फक्त पुढच्या खरेदीदाराच्या भरवशावर उभी आहे. पैदासकार रागावले. २००८ च्या मंदीनंतर तो पुढचा खरेदीदार आला नाही. हजारो डॉलरची जनावरं शेकड्यांवर आली, काही ठिकाणी फुकट न्या म्हणायची वेळ आली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे इमू आठवेल. तमिळनाडूत इरोडजवळची इमू योजना २०१२ मध्ये कोसळली, इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण २०१९ चं. तिथे कंपन्यांनी परतखरेदीची हमी दिली होती आणि ती मोडली, म्हणून ते पोलिसांपर्यंत गेलं. अल्पाकात अशी हमी कुणी दिली नव्हती. विकणाऱ्या जोडप्याने स्वतःही आपली जनावरं तशीच, दुसऱ्या जोडप्याकडून घेतलेली होती, आणि त्याचाही त्या कागदावर विश्वास होता. म्हणून तिथे शिव्या घालायला माणूस सापडत नाही.

जी जोडपी टिकली त्यांनी वही बदलली. डोकी मोजायचं सोडून किलो मोजायला लागली. लोकर सहकारी पद्धतीने एकत्र करून मोजे, टोप्या, रजया करून घ्यायच्या, जाड लोकरीचे गालिचे, लेंड्यांचं खत बागवाल्यांना, शनिवार-रविवारी तिकीट लावून कळप दाखवायचा. आता खच्ची नरांनाच मागणी आहे, कारण पाहुण्यांसमोर तेच शांत उभे राहतात. पैदास चालू असते, पण जपून; काही माद्या मुद्दाम भाकड ठेवतात. नवं जोडपं चौकशीला आलं तर त्याला आधी दोन खच्ची नर घ्या म्हणतात आणि विचारतात, लोकर कातून कुठून घेणार, ठरवलंय का?