मोठं विमान, छोटी चूक

विमानवेड्यांनो, टेक्स जॉन्स्टन यांचा किस्सा ऐकलाय ना? ७ ऑगस्ट १९५५ रोजी सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर त्यांनी बोइंगचं चार इंजिनांचं 'डॅश ८०' चक्क बॅरल रोल करून दाखवलं! म्हणजे मोठ्या विमानालाही कसरत जमते. पण चुकीला जागा फार थोडी.

गणित साधं आहे. उंची न गमावता ६० अंश कलून वळायचं, तर पंखांवर दुप्पट भार येतो. मग स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग, सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो.

२८ जुलै २०१०. अलास्कातल्या एल्मेनडॉर्फ तळावर सी-१७ मालवाहू विमानाचा एअर शोसाठी सराव सुरू होता. उजवीकडच्या तीव्र वळणात स्टॉलचा इशारा मिळाला, तरी वळण सैल झालं नाही. विमान कोसळलं, आतले चौघेही गेले. चौकशीत ठपका वैमानिकाच्या चुकीवर आला.

स्टॉलमधून सावरायला नाक खाली घालून वेग मिळवावा लागतो. त्यासाठी खाली मोकळी उंची हवी, आणि प्रेक्षकांसमोरच्या उड्डाणात नेमकी तीच नसते.

पुढच्या एअर शोला टाळ्या वाजवताना हे आठवा!

#विमानवेडे #एअरशो